आबांचा खोकला आणि वजाबाकीचं चिन्ह

आमच्या गल्लीत आबा दिसायच्या आधी ऐकू यायचे. फाउंड्रीची गाडी त्यांना गडमुडशिंगीच्या थांब्यावर सोडायची आणि तिथून घरापर्यंत येताना ते दोनदा थांबून खोकायचे, एकदा पिठाच्या गिरणीपाशी आणि एकदा विहाराच्या कट्ट्याला हात टेकून. गिरणीपाशी खोकला वाजला की आई चुलीत जळण सारायची आणि विहारापाशी वाजला की पहिली भाकरी तव्यावर टाकायची. आबा हातपाय धुऊन बसेपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. ताटात उडदाचं घुटं, नाहीतर परतलेली सुकट, तोंडी लावायला खर्डा. पहिला घास मोडायच्या आधी आबा एकदा खाकरायचे, आई "घ्या पानी" म्हणायची, ते तांब्या उचलायचे आणि मग जेवण सुरू व्हायचं. शेजारपाजारची माणसंही या खोकल्यावर आपली कामं लावायची. कोपऱ्यावरची पारूआत्या तर म्हणायची, "शामरावचा खोकला वाजला न्हाय अजून, म्हंजे नळाला पानी यायला येळ हाय." इतक्या लहानपणापासून तो आवाज कानावर होता की तो आजाराचा असेल असं मला वाटलंच नाही. बाकीच्या पोरींच्या बापांना मिशा होत्या, आमच्या आबांना खोकला होता.

आबा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. त्याआधी दुसऱ्या एका फाउंड्रीत होते, तिथंही फेटलिंगलाच. ओतलेलं लोखंड साच्यातून बाहेर काढलं की त्याला वाळू चिकटलेली असते, कडेनं नको तिथं लोखंड वाढलेलं असतं. ते सगळं ग्राइंडर लावून घासून काढायचं, हे फेटलिंग. दिवसभर त्या वाळूचं पीठ उडत राहतं. आबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया, कानाच्या पाळ्या आणि शर्टाची कॉलर एकाच रंगाची झालेली असायची. आई त्यांना उंबऱ्यात अडवायची. "पंचतारांकितातनं आलायसा, मग आंगूळ केल्याबिगार आत येऊ नगासा," असं म्हणून बादली बाहेर सरकवायची. पाळी सुटताना फाउंड्रीत प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते आणि सकाळी पोटावाटे निघून जाते, याबद्दल मुकादमापासून मालकापर्यंत कुणाच्याच मनात शंका नव्हती. आबांच्या शेजारच्या ग्राइंडरवर हिंदुराव तात्या असायचा, वरच्या आळीतला, शेतकऱ्याचा पोरगा, आबांचा एकुलता एक मित्र. तो आपला गूळ कागदात बांधून नातवंडांना न्यायचा. आबा त्याला रागवायचे. "खा की लेका तितंच. धूळ काय नातवाच्या छातीत गेलीया?" आबा स्वतः मात्र गूळ चोखून, चावून, बोटं चाटून संपवायचे, आणि मग त्या दिवसाच्या धुळीचा विषय त्यांच्या लेखी मिटायचा.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आबा फाउंड्रीत जातात हे अख्ख्या गावाला माहीत होतं, पण कुणी परक्या माणसानं "काय करता?" असं विचारलं तर आबांचं उत्तर एकच असायचं, "शेती." फाउंड्रीत ते कामाला जायचे. करायचे ती शेती. आमची शेती म्हणजे ओढ्याकडेचे वीस गुंठे. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला, गावकीची कामं टाकून दिली, रेल्वेच्या रुळांवर खडी फोडली आणि त्यातून ते वीस गुंठे विकत घेतले. आमच्या घराण्यात आजोबांच्या आधी कुणाच्याही नावावर हातभर जमीन नव्हती. त्यामुळं "शेती" हा शब्द आबा उच्चारायचे तेव्हा त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. शाळेत माझं नाव घालताना मास्तरांनी वडिलांचा धंदा विचारला, तेव्हाही शेती. मलाही तेच शिकवलं होतं, कुणी इचारलं तर शेतकऱ्याची पोर हाय म्हनायचं. मी म्हणायची. मला ते म्हणायला आवडायचं, आजही आवडतं.

मी कोल्हापुरात कॉलेजला जायला लागले त्या सुमारास आबा वाळायला लागले. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला, पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, आणि एकदा थुंकीत रक्त आलं. सरकारी दवाखान्यात टीबी सांगितला. त्या औषधांचा एक पूर्ण फेरा झाला, खोकला जागच्या जागी. मग दुसरा फेरा सुरू झाला, त्यात रोज सुई होती आणि त्या सुईनं आबांच्या कानात दिवसभर शिट्टी वाजायची. गावात टीबीचं नाव निघालं की माणसं ओसरीवर बसणं टाळतात. पारूआत्याही नळाच्या वेळेला दुसरीकडं कान लावायला लागली. नर्सबाईंनी सांगितलं म्हणून आईनं आबांचं ताट आणि तांब्या वेगळा केला, आणि आठवड्याभरात आपलंही ताट उचलून त्यांच्याच फळीवर नेऊन ठेवलं. अडुळशाचा काढा, हळदीचं दूध, जवसाची चटणी, सगळं चालू होतं. कामही चालू होतं. आबा सुई घेऊन फाउंड्रीत जायचे आणि गूळ खाऊन परत यायचे. तब्येत इतक्या सावकाश उतरत होती की रोज बघणाऱ्या आम्हाला ती दिसायची नाही. पण सहा-आठ महिन्यांनी कुणी पाहुणा आला की तो आबांना बघून गप्प व्हायचा, आणि मग आम्हाला कळायचं. आबा चाललेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात तेव्हा नुकतंच इंटरनेट आलं होतं. एकच कॉम्प्युटर, त्यावर मखमली झूल, आणि ती झूल काढायचा अधिकार फक्त ग्रंथपाल इनामदार मॅडमना. मॅडम बुटक्या, जाड भिंगाच्या, टेबलाच्या खणात शेंगदाणे ठेवणाऱ्या आणि कुणालाही न घाबरणाऱ्या. प्राचार्य पुस्तक उशिरा आणून द्यायचे तर त्यांनाही दाराशी थांबवून सुनवायच्या. फोन लावल्यावर मोडेम किंचाळायचा, मग घरघरायचा, मग एकदम शांत व्हायचा. त्या शांततेनंतर पांढऱ्या पानावर शब्द लिहून शोधायची एक रिकामी पेटी यायची. इतर पोरं त्यात निकाल बघायची, नाहीतर नटनट्यांचे फोटो. मी पहिल्या दिवशी इंग्रजीत जे लिहिलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. रिस्पेक्टेड सर, माय फादर इज सफरिंग फ्रॉम कफ सिन्स मेनी डेज, काइंडली सजेस्ट मेडिसिन.

हसू नका. आमच्यासारख्यांना इंग्रजी रजेच्या अर्जातूनच शिकवलेलं होतं, आणि विचारायची रीत गावातून आलेली. आमच्याकडं तुम्ही कुणाला नुसता पत्ता विचारून बघा. "ओ पावणं, कुटलं तुमी? कुनाकडं आलाय? कुनाचं?" ही चौकशी पुरी झाल्याशिवाय तुम्हाला डावीकडं वळायचं की उजवीकडं हे कळत नाही. आपण कोण, कुठले, कशासाठी आलो हे आधी सांगायचं आणि मग काम काढायचं, हीच माणसाची चाल. मी त्या पेटीला तोच मान दिला. पेटीनं मला बापावरच्या कविता आणि खोकल्याच्या औषधांच्या जाहिराती दिल्या.

मॅडम माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. दाणे चावायचा आवाज थांबला. "रजेचा अर्ज लिहितेस का गं?" त्या म्हणाल्या. "यंत्राला सर नाही आणि मॅडम नाही. त्याला तुझे वडीलही कळत नाहीत. कार्डाच्या कपाटात पुस्तक शोधताना काय करतेस? विषय बघतेस ना? मग विषय दे त्याला. चार शब्द, पुरे." मी चार शब्द दिले. खोकला, रक्त, वजन घटणं, आणि चौथा, शेतकरी. विषय काय ते द्यायचं म्हटल्यावर आबांबद्दल तेवढंच मला सुचलं. यावेळी पेटीनं पानंच्या पानं काढून दिली आणि प्रत्येक पानावर टीबी होता. हे तर आम्हाला सरकारी दवाखान्यात फुकट कळलं होतं. मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जे ठाऊक आहे ते कशाला परत वाचतेस? ते काढून टाक." आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून एका बोटानं वजाबाकीचं चिन्ह टाइप केलं, आणि मध्ये जागा न सोडता त्याला चिकटून टीबीचं लांबलचक इंग्रजी नाव. आता ज्या पानावर हा शब्द असेल ते पान यंत्र दाखवणारच नाही, असं त्या म्हणाल्या. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत घालायचं, म्हणजे यंत्र त्यांची फारकत करत नाही. एकाच संस्थेच्या पानांत शोधायचं असेल तर साइट असं लिहून पुढं तिचा पत्ता द्यायचा. हे सगळं मॅडमना कुठून कळलं होतं देव जाणे. बहुतेक त्या पेटीखाली बारीक अक्षरात जे मदतीचं पान असायचं ते वाचणारी कोल्हापुरातली ती एकटी बाई असावी.

(आज मी स्वतः ग्रंथपाल आहे, पन्नाशीला टेकले आहे, आणि दरवर्षी नव्या पोरांना हेच शिकवते. पोरं मान हलवतात आणि बाहेर जाऊन फोनला तोंडी प्रश्न विचारतात. फोनही आता त्यांना गोड बोलून उत्तर देतो. रिस्पेक्टेड सर म्हटलेलं त्याला चालतं म्हणे. चालू दे. मला त्यात काही आनंद होत नाही आणि दुःखही होत नाही. पण वजाबाकीचं चिन्ह फळ्यावर काढताना अजूनही माझा खडू जरा जोरात लागतो.)

टीबी वजा केल्यावर जे उरलं ते मी पुढचे काही दिवस वाचत बसले. ते होतं ओल्या गवताबद्दल. थंड देशातल्या शेतकऱ्यांच्या गोठ्यात गवत कुजतं, त्याला बुरशी येते, ती बुरशी छातीत जाते. काही पानं कबुतरांच्या विष्ठेची होती. मी शब्दकोश मांडीवर घेऊन हे सगळं इमानानं समजून घेतलं. आमच्याकडं ना गवताची गंजी, ना गोठा, ना कबुतर. म्हैस होती ती आजोबांच्या वेळी. शेवटी वैतागून मी मॅडमच्या टेबलापाशी गेले. "हे यंत्र काय कामाचं न्हाय, मॅडम. गवताचं सांगतंय."

"वडील शेतात काय काय करतात?"

"पाणी पाजतात. रविवारी. भांगलायला आई जाते."

"आणि सोमवार ते शनिवार?"

मला मॅडमचा राग आला, हे स्पष्टच सांगते. आम्हाला लहानपणापासून असे प्रश्न ओळखायची सवय असते. वरवर कामधंद्याचा असतो, पण विचारणाऱ्याला तुमची वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला आहे ते हवं असतं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. त्या चेहऱ्यावर दाण्याचं साल होतं आणि दुसरं काही नव्हतं. त्यांना खरोखरच सोमवार ते शनिवार हवे होते. मी म्हटलं, "फाउंड्रीत जातात. फेटलिंगला."

"किती वर्षं?"

"माझ्या जन्माच्या आधीपास्नं."

मॅडम उठल्या, कॉम्प्युटरपाशी आल्या आणि मला बसवलं. "फाउंड्री लिही. ते काय म्हणालीस, फेटलिंग, तेही लिही. शेतकरी काढ. नुसता काढू नको, वजा कर, नाहीतर परत गवत आणून टाकेल." मी वजाबाकीचं चिन्ह काढलं आणि माझा हात थांबला. इंग्रजीत सहा अक्षरांचा शब्द आहे तो. आजोबांनी खडी फोडून मिळवला, आबांनी मान ताठ करून वापरला, आणि मी तो आबांच्या अंगावरून उतरवून ठेवत होते. मला ते आवडलं नाही, अजिबात आवडलं नाही. पण मॅडम मागं उभ्या होत्या आणि मोडेमचं बिल चालू होतं. मी टाइप केलं.

वर आलेलं पहिलंच पान परदेशातल्या कुठल्याशा ओतकामगारांच्या युनियनचं होतं. डॉक्टरी भाषा नव्हती, टीबीचं लांबलचक नावही नव्हतं, नुसतं टीबी, म्हणून तर ते आमच्या वजाबाकीतून सुटलं होतं; कामगारांनी कामगारांना सांगावं तसं लिहिलं होतं. वाळूचं पीठ डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं, ते छातीत जाऊन बसतं, तिथं गाठी धरतात, फोटोत त्या टीबीसारख्या दिसतात. टीबीची औषधं देतात, गुण येत नाही, बेडक्यात जंतू सापडत नाहीत. माणूस वाळतो, त्याला धाप लागते. रोगाचं नाव सिलिकोसिस. मग मी टीबीपुढचं वजाबाकीचं चिन्ह खोडलं आणि दोन्ही रोगांची नावं शेजारी शेजारी लिहिली, तर एकाच्या अंगावर दुसरा कसा येऊन बसतो याचीही पानं निघाली. मघाशी आम्ही स्वतःच ती गाळली होती. मॅडमनी माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं. धीर वगैरे दिला नाही, ती त्यांची पद्धत नव्हती. एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरपुढं कागद नाचवू नकोस, ते चिडतात. वडील काम काय करतात तेवढं सांग. बाकीचं त्यांना येतं."

छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडं आबांना दाखवायचं आधीच ठरलेलं होतं, आई जाणार होती. मी म्हटलं, "मी येतो आबांच्या संगं." आमच्याकडं पोरीही येतो-जातोच म्हणतात, शहरात गेल्यावर सुधारतात. दवाखान्यात आबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्याशी तो दोन बोटं सैल होता. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पहिला प्रश्न विचारायचा तोच विचारला. "बसा मामा. काय करता?"

"शेती," आबा म्हणाले. मान ताठ.

डॉक्टरांनी मान हलवली आणि आधीचे रिपोर्ट उलटायला घेतले. मला वाटतं माझ्या आयुष्यात एवढा लांब क्षण दुसरा आला नाही. आबांनी आजवर प्रत्येक डॉक्टरला हेच सांगितलं असणार, आणि प्रत्येक डॉक्टरनं गडमुडशिंगीचा शेतकरी, खोकला, रक्त, वजन घटणं, हे चारच शब्द धरून आपापल्या डोक्यात शोध घेतला असणार. मी म्हणाले, "डॉक्टर, शेती रविवारची. आबा फाउंड्रीत फेटलिंगला हाईत. लगीन व्हायच्या आधीपास्नं."

"गप बस," आबा म्हणाले. माझ्याकडं न बघता.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी छातीचा फोटो पाकिटातून परत काढला, दिव्याच्या काचेवर लावला आणि बराच वेळ बघत उभे राहिले. मग वळून त्यांनी विचारलं, "तोंडाला काय बांधता, मामा?"

"रुमाल असतोय की. आनि गूळ देत्यात."

"गूळ कशाला?"

"धूळ उतराय."

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्या माणसाची कायमची ऋणी आहे. आबांच्या गळ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "गूळ इथून पोटात जातो. धूळ इथून छातीत जाते. वाटा दोन आहेत, मामा. तुमचा गूळ त्या वाटेला गेलाच नाही कधी." मग आणखी तपासण्या झाल्या, पुन्हा जाणं झालं, आणि तेच निघालं. छातीत वाळू होती. काम ताबडतोब बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं.

परत येताना बसमध्ये आबा माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढं जाऊन दांडीला धरून उभे राहिले, धाप लागत असताना. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पोरीनं डाक्टरफुडं माजी शेती काडून घेतली." आई भाकरी थापत होती. ती तशीच थापत राहिली आणि म्हणाली, "शेत वड्याकडंला हाय तितंच हाय. कोन उचलून न्हेतंय? तुमी तेवडं ऱ्हावा म्हंजे झालं." आबा जेवले नाहीत. पण नंतर, मी भांडी घासत होते तिथं येऊन चौकटीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तुज्या त्या पेटीला इचार. ह्ये बरं हुतंय का."

मी विचारलं. युनियनच्या त्या पानावर लिहिलं होतं, बरं होत नाही. दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावर तेच. मी साइट लिहून मोठमोठ्या आरोग्यसंस्थांच्या पानांत शोधलं, तिथं तेच अधिक सभ्य शब्दांत होतं. तेव्हा मी अशी गोष्ट केली की जी आज मी वर्गात कुणाला सांगत नाही. 'इलाज नाही' हे इंग्रजी शब्द मी अवतरणचिन्हांत घातले आणि त्यांच्यापुढं वजाबाकीचं चिन्ह दिलं. यंत्र आज्ञाधारक असतं. त्यानं इलाज नाही म्हणणारी सगळी पानं गाळली आणि मला इलाजच इलाज काढून दिले. कुणाची भुकटी, कुणाचं तेल, कुणाचा डोंगरातला पाला, महिन्याभरात छाती स्वच्छ. मी ती पानं वाचत बसले आणि मला फार बरं वाटलं. मग मॅडमनी दाण्यांची मूठ माझ्यापुढं टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या, म्हणजे त्यांनी पडद्यावरचं वाचलं होतं. मी ते चिन्ह खोडलं. जुनी पानं परत आली, होती तशीच. तिथंच बसून मी रडले, आणि मग दाणे खाल्ले.

आबा नंतर बरीच वर्षं जगले, हे इथंच सांगून टाकते. अर्ध्या छातीवर, चार पावलं चालून थांबत, पण जगले. माझी नोकरी बघितली, माझी पोरगी खांद्यावर घेतली. काम सोडलं म्हणून जगले, असं डॉक्टर म्हणायचे. पण मी ते वाचून घरी आले त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. आबा अंगणात पोत्यावर बसले होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "बरं हुत न्हाय, आबा. काम सोडलं तर जगायला मिळंल, आजून बरीच वर्सं. न्हाय सोडलं तर न्हाय."

"बास," आबा म्हणाले. मग पोत्याचा सुटलेला दोरा तोडत, "किती जनास्नी हाय ह्यो रोग?"

"लै. साऱ्या जगात."

"आनि हितं? आपल्यात?"

मी तेही शोधलं होतं. रोगाचं नाव आणि कोल्हापूर, रोगाचं नाव आणि कागल, फाउंड्री घालून, फाउंड्री काढून, अवतरणचिन्हं देऊन आणि न देता. प्रत्येक वेळी तो पडदा जवळजवळ कोरा आला होता, वर एकच ओळ, की काही सापडलं नाही. "काय बी आलं न्हाय, आबा," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. दवाखान्यातनं आल्यापासून पहिल्यांदाच. "आलं न्हाय म्हंजे? हितं कुनाला झाल्याला न्हाय, का झाल्याला कुनी सांगितला न्हाय?"

काही सापडलं नाही या ओळीकडं बघून हा प्रश्न विचारायला मला ग्रंथालयशास्त्रात दोन पदव्या घेतल्यावरही कुणी शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा कामाच्या वेळेलाच उठले. आईचा चेहरा उतरला, तरी ती डबा भरायला लागली. आबा म्हणाले, "डबा नगो." दवाखान्यातला पांढरा शर्ट घालून ते थांब्याकडं निघाले आणि मी चपला न घालताच त्यांच्या मागं गेले. थांब्यावर रोजची माणसं उभी होती, पाच-पंचवीस असतील, सगळे डबे घेऊन. हिंदुराव तात्या पुढं होता. "काय रं शामराव, आज पांडरा शर्ट? लग्नाला निगालायस व्हय?"

"येत न्हाय मी आजपास्नं," आबा म्हणाले. मग त्यांना खोकला आला, आणि तो संपेपर्यंत सगळे थांबले. आबांनी तोंड पुसलं आणि एरवी कधी काढायचे नाहीत एवढा मोठा आवाज काढला. "मला टीबी न्हाय. माज्या छातीत वाळू हाय. आपली फेटलिंगची. डाक्टरनं दिव्यावर धरून दावली मला. गुळानं उतरत न्हाय ती, गूळ पोटात जातोय. ज्येला ज्येला खोकला हाय, त्येनं फोटो काडून घ्या छातीचा. आनि डाक्टरनं काय करता म्हनून इचारलं तर फाउंड्री सांगा. माज्यावानी शेती सांगू नगासा."

मागून कुणीतरी हसलं आणि हसता हसता त्यालाच ठसका लागला. तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, माणसं नेहमीसारखी चढायला लागली, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून, डबे वर धरून. आबा बाजूला उभे होते, एका हातानं खांबाला धरून, दम घेत. पुन्हा हॉर्न झाला. गाडी सुटली तेव्हा तात्या खालीच होता, आबांच्या शेजारी, डबा छातीशी धरून.